आज्जीच्या ओव्या वहीत उतरवायच्या असतील तर आधी जातं काढा

मी पहिल्यांदा जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून आधी तेच सांगते. आज्जीला खुर्चीत बसवलं, समोर स्टुलावर मोबाईल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणलं, आज्जी आता ओव्या म्हण. आज्जीनं पदर सारखा केला, घसा खाकरला, मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय म्हणू बया, आता काय ध्येनात हाय व्हय." तीन वेळा बसवलं वेगवेगळ्या दिवशी आणि तिन्ही वेळा तेच, एकदा अर्धी आरती म्हणली आणि उठली. मला वाटलं संपलं, उशीर झाला, ८० च्या पुढं गेलेलं माणूस, विसरली असणार.

मग जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या टायमाला आत्या आली. तिच्या पोरीचं लग्न माघात होतं आणि हळद घरच्या जात्यावरच दळायची असा तिचा हट्ट, म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, पुसलं, खुंटा नवीन बसवला आणि ते फिरतंय का बघायला म्हणून आत्यानं मूठभर ज्वारी टाकली. आज्जी आत देवघरापाशी वाती वळत बसली होती. जात्याची घरघर ऐकून उठून आली, आत्याच्या समोर बसली, खुंट्याला हात लावला आणि चौथ्या का पाचव्या फेऱ्याला आपोआप सुरू झाली. कुणी म्हण म्हणलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही २३ ओव्या मोजल्या, त्यातल्या निम्म्या आत्यानंसुद्धा कधी ऐकल्या नव्हत्या.

तेव्हा मला कळलं की ओवी डोक्यात नसतीय, हातात असतीय. ती पाठ केलेली कविता नाहीच, ती कामासोबत येणारी गोष्ट आहे, काम काढून घेतलं की ओवी पण जाते आणि काम परत दिलं की ती परत येते. त्यानंतर वर्षभर मी जे करत आले, जिथं चुकले, ते सगळं खाली लिहितीय. तुमच्या घरात आज्जी, आत्या, मोठीआई, चुलत आज्जी कुणी असेल तर उद्यापासून सुरू करता येईल, खर्च जवळपास काहीच नाही.

जातं

घरी असेल तर उत्तम, गावाकडं पडवीत किंवा परसात पालथं पडलेलं असतं, विचारा. नसेल तर हळदीचं छोटं जातं घ्या, रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते विकायला बसतात त्यांच्याकडं मिळतं. घेताना वरची तळी उचलून आतला भाग बघा, टाकीचे घाव हाताला लागले पाहिजेत, गुळगुळीत असेल तर दाणे नुसते घरंगळतात आणि बाईची चिडचिड होते, मग ओवी कुठली. जुनं जातं असेल तर टाकवून घ्या, म्हणजे टाकीनं परत घाव पाडून घ्या. मधला लोखंडी खीळ हलत असेल तर तो पण ठोकून घ्या, नाहीतर तळी डगडग करते.

नवीन किंवा नुकत्याच टाकवलेल्या जात्यावर पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगडाची कच येते. दोन-तीन वेळा मूठ मूठ ज्वारी दळून ते पीठ टाकून द्यायचं, मग खरं दळण. आणि दाणे न टाकता रिकामं जातं फिरवू नका, दगडावर दगड घासतो आणि पुढच्या पिठात कच येत राहते. "नुसतं फिरवून दाखव की" असं आज्जीला म्हणणं तर अजून वाईट, ती फिरवणारच नाही, रिकामं जातं फिरवणं तिच्या हाताला पटतच नाही.

काय दळायचं? फार बारीक पीठ काढायला सांगू नका, खांदा दुखतो आणि दम ओवीत न जाता दगडात जातो. मी मुगाची डाळ भरडायला देते नाहीतर ज्वारीच्या कण्या. आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी येते, तिच्या कण्या जात्यावर चांगल्या पडतात आणि रात्री ताकात शिजवून सगळ्यांना खायला मिळतात, म्हणजे आज्जीला असं वाटत नाही की हे सगळं नाटक मोबाईलसाठी चाललंय. हे फार महत्वाचं आहे. दळलेलं घरात शिजलं पाहिजे. खोटं काम दिलं तर म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं.

खांद्याचा, गुडघ्याचा त्रास असेल आणि जात्यावर बसणं शक्यच नसेल तर दुसरं काम बघा. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, वाती वळणं, वाकळ शिवणं, तांदूळ निवडणं, नातवाचा पाळणा हलवणं. कामाप्रमाणं गाणं बदलतं हे मात्र लक्षात ठेवा. शेंगाची चटणी उखळात कुटताना आमची आज्जी ज्या ओळी म्हणते त्या तुटक आणि जोरकस, मुसळ खाली आलं की शब्द संपला. जात्यावरची ओवी लांब, फिरत जाणारी. पाळण्याजवळ बसली की तिसरंच काहीतरी. तेव्हा फक्त एकाच कामापाशी बसून "एवढंच येतं वाटतं आज्जीला" असं ठरवून टाकू नका.

एकटीला बसवू नका

जात्यावर पूर्वी बहुतेक दोघी बसायच्या, समोरासमोर, खुंट्याला दोघींचे हात. एकीनं पहिली ओळ उचलायची, दुसरीनं धरायची. म्हणून एकटी आज्जी अडखळते आणि समोर तिची बहीण, जाऊ, शेजारीण बसली की सुटते. आमच्या आज्जीची धाकटी जाऊ बाळीवेशीत राहते, तिला रिक्षानं आणलं तर त्या दिवशी दोघींमध्ये भांडणच, "तशी न्हाई ती, तू मधली ओळ खाल्लीस." हे भांडण सोनं आहे, रेकॉर्डिंग बंद करू नका. कोण कुठली ओळ कशी म्हणते, कुणाच्या माहेरी ती वेगळी कशी होती, हे सगळं त्या भांडणात बाहेर पडतं, तुम्ही नुसते प्रश्न विचारून कधीच मिळणार नाही.

तुम्ही स्वतः समोर बसलात तर खुंट्याला हात लावा. दोन मिनिटात कळेल की जातं ढकलणं आणि ओढणं यात श्वास कसा वाटला जातो. माझ्या आज्जीची ओळ अर्ध्यात थांबते ती बरोबर खुंटा तिच्या अंगाशी येतो तेव्हा, आणि ओवी संपली की डाव्या हातानं वैरण टाकते. (वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची मूठभर दाण्याची भर, गुरांची नव्हे, मला पण हा अर्थ तेव्हाच कळला.) मी आधी ऐकून लिहिताना कुठं थांबा घ्यायचा हे कळत नव्हतं, हात लावल्यावर कळलं.

कधी बसायचं

आपल्या सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना माहिती आहे, एप्रिल मे मध्ये पंखा बंद करून कुणाला बसवणं म्हणजे छळ. आणि पंखा चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये नुसतं भर्रर्र ऐकू येतं. म्हणून डिसेंबर जानेवारी, नाहीतर मग पहाटे. दळणाची वेळ तशी पहाटेचीच, आज्जीला ५ ला जाग येतेच, तुम्हाला उठायचं जीवावर येईल एवढंच. पहाटेचा आवाज पण वेगळा लागतो, शांत, खालचा, पोटातून आलेला, दुपारच्या रेकॉर्डिंगशी लावून बघा.

पाणी यायच्या दिवशी ठेवू नका. मोटर, बादल्या, टाकी भरली का, सगळं घर त्यातच असतं आणि आज्जीचं पण अर्धं लक्ष नळाकडं. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर मागाच्या सुट्टीचा दिवस धरा, खटखट भिंतीतून येते.

सगळ्यात चांगला काळ गड्ड्याचा. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, तळ्यावरचा अक्षता सोहळा, त्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं घरी येतात, आत्या मावश्या एका छताखाली असतात, भोगीची तयारी चाललेली असते. आणि नंतर लगेच लग्नं सुरू होतात. हळदीचं जातं ही आपल्याकडं अजून राहिलेली जागा आहे, सवाष्णी जात्याला हळद दळायला बसतात तेव्हा हमखास कुणीतरी म्हातारी बाई ओवी उचलते. पण तिथं आता स्पीकर असतो. नवरीच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हळद दळायची १५ मिनिटं तेवढं गाणं बंद ठेवा, कुणी नाही म्हणत नाही, फक्त कुणी सांगतच नाही.

मोबाईल

महागडा माईक लागत नाही. फ्लाईट मोड करा, नाहीतर ओवीच्या मध्येच कुणाचातरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं, माझी एक अख्खी सीतेची ओवी अशी गेली आणि ती परत तशी आलीच नाही. मोबाईल फरशीवर ठेवू नका, जात्याची घरघर फरशीतून थेट मोबाईलमध्ये घुसते आणि शब्द बुडतात. आपली सोलापुरी चादर घ्या, चार घड्या करा, आज्जीच्या तोंडाच्या बाजूला दोन हात अंतरावर ठेवा, त्यावर मोबाईल. उशी पण चालते पण चादर जड असते, हलत नाही. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा, शब्द कळत असतील तर मग त्याला हात लावू नका, विसरून जा.

व्हिडिओ पहिल्या दिवशी नको. कॅमेरा दिसला की आज्जी फोटोला बसल्यासारखी ताठ होते. पाच-सहा बैठकी झाल्या की मग एकदा फक्त हातांचा व्हिडिओ काढा, खुंट्यावरचे हात, वैरण टाकतानाचा हात, पीठ गोळा करतानाचा. पुढं कुणाला हे काम कसं करायचे ते बघायचं असेल तर हाच व्हिडिओ उपयोगी पडणार.

सुरवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, कोण कोण बसलंय आणि काय दळताय ते बोलून ठेवा. नंतर ३० फाईली झाल्या की कुठली कधीची हे काहीच आठवत नाही. फाईलला नाव पण लगेच द्या, तारीख आणि विषय, उदाहरणार्थ "१४ जानेवारी भाऊ आणि पंढरपूर". नुसतं रेकॉर्डिंग १, रेकॉर्डिंग २ असं ठेवलं की ते कायमचं हरवल्यासारखंच आहे.

विचारायचं कसं

"एखादी ओवी म्हण" यानं काही येत नाही. माणसाचं नाव घ्या. "मामा आजोबा कसे होते गं?" म्हणलं की दोन मिनिटं गोष्ट सांगते आणि तिसऱ्या मिनिटाला भावावरची ओवी. आई, भाऊ, माहेरची वाट, बाळ, सासूरवास, राम-सीता, विठ्ठल, हे ओव्यांचे मोठे मोठे वाडे आहेत, एकेका वाड्याचं दार वाजवायचं. आपल्या जिल्ह्यात तर पंढरपूर, आषाढीला वारी घराजवळून गेलेली, त्यामुळं विठ्ठलाच्या ओव्या कुठल्याही आज्जीकडं ओंजळभर निघतात आणि त्यात विठ्ठल देवासारखा नसतोच, माहेरच्या माणसासारखा असतो, त्याच्यावर रुसतात, त्याला जेवायला वाढतात. दुसरी युक्ती म्हणजे पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी असं मोजत जाणारी माळ, ती सुरू करून द्यायची, मोजणी सुरू झाली की बाई मध्ये थांबत नाही.

मध्ये बोलू नका. एखादा शब्द कळला नाही तर कागदावर खूण करा, जातं थांबल्यावर विचारा. मी सुरवातीला दर ओळीला "म्हणजे काय?" विचारायची, आज्जी अर्थ सांगायला लागायची आणि पुढची ओवी विसरायची.

लिहून काढणं, खरं काम इथं आहे

एक तासाच्या रेकॉर्डिंगला मला पाच तास लागतात. त्याच रात्री नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी बसा, कारण कुणी काय हातवारे केले, कुठं हसल्या, हे अजून ताजं असतं. हेडफोन लावा, वेग कमी करा. मोबाईलला बोलून टाईप करायची सोय असते ती इथं वापरू नका, ती "न्हाई" चं "नाही" करते, "बंधवा" चं काहीच्या काहीच करते.

आणि तुम्ही पण दुरुस्त करू नका. हे मला अगदी कळकळीनं सांगायचंय. आमच्या आज्जीची एक ओवी बघा:

सोलापूर गं शेहरात, भोंगा गिरणीचा वाजला
माझ्या गं बंधवाचा, डबा फडक्यात बांधिला

आता यात मी पहिल्या दिवशी काय केलं, शाळेत शिकवल्यासारखं "शेहरात" चं "शहरात" केलं, "बंधवाचा" चं "भावाचा" केलं, "गं" काढून टाकले कारण मला ते जास्तीचे वाटले, "बांधिला" चं "बांधला". मग वाचून बघितलं तर ओवी मेली होती. जात्याचा फेरा तीन अक्षरं आधीच संपत होता. गं हा शब्द जास्तीचा नाही, तो श्वास आहे, खुंटा लांब जातो तेव्हा तो लांबतो. बांधिला मधली इ सुद्धा तशीच, हाताला जागा लागते म्हणून. जसं ऐकू येतं तसंच लिहा, ऱ्हस्व दीर्घ जसं तिच्या तोंडात आहे तसं, आणि जिथं ती थांबते तिथं स्वल्पविराम द्या.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांना माहिती असतं पण नीट विचार करत नाही आपण. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, ती गाणी कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून ती राहिली. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये आणि गाणी पुस्तक होऊन आली १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आणि त्यांची खानदेशातली बोली तशीच ठेवली, पुण्याची मराठी केली नाही, म्हणून तर आज वाचताना आवाज ऐकू येतो. घरातल्यांनी वही धरली, एवढ्यावर ते सगळं उभं आहे.

वही फुलस्केप २०० पानी घ्या, रेघांची. डाव्या पानावर फक्त ओवी. उजव्या पानावर बाकी सगळं: कुणी म्हणली, कधी, काय काम चालू होतं, कुठल्या शब्दाचा अर्थ काय सांगितला, ही ओवी कुणाकडून शिकली, ओवीतला भाऊ म्हणजे कुठला भाऊ. उजवं पान लवकर भरायची घाई करू नका, ते वर्षभर भरत राहतं. वरच्या ओवीचं उजवं पान मी तीन महिन्यांनी लिहिलं, तेव्हा कळलं की आज्जीचा धाकटा भाऊ गिरणीत कामाला होता आणि दोन वर्षं आमच्याच घरात राहत होता, त्याचा डबा पहाटे आज्जी करायची. हे घरात कुणालाच माहिती नव्हतं, वडलांना पण नाही. एका फडक्यात बांधलेल्या डब्यावरून निघालं.

जे ऐकू आलं नाही तिथं टिंबं देऊन जागा सोडा. अंदाजानं शब्द भरू नका. पुढच्या वेळी तीच ओवी परत आली की जागा भरते, नाही भरली तर राहू दे मोकळी. शेवटची दहा पानं अनुक्रमाला ठेवा, आई, भाऊ, विठ्ठल, बाळ असं, म्हणजे सापडायला सोपं जातं.

आपलं गाव एका भाषेचं नाही

सोलापुरात राहून फक्त मराठी ओव्यांपुरतं थांबलात तर अर्धंच हाती लागेल. आपल्या सिद्धरामेश्वरांनी (म्हणजे गड्ड्याचे सिद्धेश्वरच) वचनं लिहिली ती १२व्या शतकात, कन्नडमध्ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अव्वा कन्नड बोलतात, त्यांना जातं ऐकू गेलं तर वर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात पण हाय की हे, बीसुव पद." कन्नडमधली दळणाची गाणी बरीचशी त्रिपदीत, म्हणजे तीन ओळींची असतात, त्यामुळं आपल्या ओवीच्या सवयीनं ऐकलं की चौथी ओळ राहिली असं वाटतं आणि आपण उगाच वाट बघत बसतो. त्या दिवशी एकाच जात्यावर आज्जी मराठीत आणि अव्वा कन्नडमध्ये, आळीपाळीनं, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं पण वैरण टाकायची वेळ दोघींची एकच.

पूर्व भागात राहणाऱ्यांनी तेलुगू आज्ज्यांकडं जावं. बतुकम्माच्या सणाला फुलांभोवती फेर धरून गाणी म्हणतात ती तर दरवर्षी डोळ्यासमोर असतात. आणि ज्या घरात विड्या वळतात तिथं बायका मांडीवर सूप घेऊन तासनतास बसतात, हात चालू, तोंड मोकळं. अशा घरात गेलात तर त्यांचं काम थांबवून बसवू नका, त्यांची मजुरी हजार विड्यांवर असते. कामाच्या जागीच बाजूला बसा आणि वाटलं तर तेंदूची पानं पुसायला मदत करा.

लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहा, फक्त एक लक्षात ठेवा, कन्नड आणि तेलुगूत ए आणि ओ हे ऱ्हस्व पण असतात आणि दीर्घ पण, आपल्या रोजच्या देवनागरीत तो फरक दाखवायची सोय नाही. मी ऱ्हस्व असेल तिथं अक्षराखाली टिंब देते आणि वहीच्या पहिल्या पानावर ती खूण समजावून लिहून ठेवलीय. नंतर भाषा येणाऱ्या माणसाला दाखवून तपासून घ्यायचं.

परवानगी

हे मी चुकले म्हणून सांगते. सासूरवासाच्या ओव्या असतात, त्यात सासू, नणंद, दीर नुसते सासू नणंद नसतात, खरी माणसं असतात, नाव घेऊन. मी एक रेकॉर्डिंग उत्साहात घरच्या ग्रुपवर टाकलं, त्यात आज्जीनं एका नात्यातल्या बाईचं नाव घेतलं होतं, आणि त्या बाईच्या सुना त्याच ग्रुपवर. दोन दिवस फोन चालू. आज्जी मला काही बोलली नाही पण पुढचे दीड महिने जात्यावर बसली नाही. जात्यावर जे बोलतात ते भिंतीला आणि समोरच्या बाईला सांगितलेलं असतं, ६० वर्षांनी नातीनं ते सगळ्यांना ऐकवावं म्हणून नाही.

म्हणून आता प्रत्येक बैठकीनंतर मी वाचून दाखवते आणि विचारते, ही बाहेर जाऊ द्यायची का घरात ठेवायची. घरात म्हणली की वहीच्या कोपऱ्यात लाल खूण. लाल खुणेची ओवी कुठंही जात नाही, टाईप पण करत नाही. रडायला आलं तर रेकॉर्डिंग बंद करा, मोबाईल उचलून आत ठेवा आणि पाणी आणून द्या.

वाचत पण राहा

ऐकणं सुधारायचं असेल तर दुसऱ्यांनी जमवलेलं वाचायला हवं. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही वाचनालयात जाऊन लोकसाहित्याची पुस्तकं मागा. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या होत्या, सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्यावर केवढं काम करून ठेवलंय. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, एक लाखाच्या वर, पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाईटवर आहेत, बऱ्याच तर बायकांच्या आवाजात ऐकता येतात. मी रात्री त्या ऐकते आणि सकाळी आज्जीला सांगते की अमुक गावच्या बाईनं अशी म्हणलीय, की आज्जी लगेच, "आमच्यात तशी न्हाई, आमच्यात अशी हाय." झालं, वही काढायची.

एक सावधगिरी, पुस्तकातली ओवी आणि आज्जीची ओवी जुळली नाही तर पुस्तकाप्रमाणं आज्जीची बदलू नका. दोन्ही खऱ्या. ओवी गावागणिक बदलते, एकाच बाईच्या तोंडात पण सकाळी एक आणि संध्याकाळी एक असते.

शेवटी कॉप्या

वही एकच ठेवू नका. दर महिन्याला पानांचे फोटो काढा, रेकॉर्डिंगसोबत पेनड्राईव्हवर एक आणि ऑनलाईन एक अशी ठेवा, पेनड्राईव्ह दुसऱ्याच्या घरी ठेवा. मी वर्षाच्या शेवटी लाल खुणेच्या सोडून बाकीच्या ओव्या झेरॉक्स करून स्पायरल बाईंडिंग केलं, पाच कॉप्या. एक आत्याला, एक बाळीवेशीच्या आज्जीला, एक खालच्या अव्वांना, एक माझ्याकडं, आणि एक आमच्या आज्जीला, तिला वाचता येत नाही तरी. ती उशापाशी ठेवते. परवा म्हणाली, "वाच बगू, काय लिव्हलंयस." मी वाचायला लागले, डब्याची ओवी आली तर मध्येच थांबवलं. "बांधिला न्हाई गं, म्या ठिविला म्हणायची." रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ बांधिला आहे. मी डावं पान तसंच ठेवलं आणि उजव्या पानावर तारीख घालून "ठिविला" लिहिलं.